नवरा सोडलेल्या नायिकेला मुलांसकट जगू का देत नाहीत?

मीनल

अमेरिकन लेखिका केट शोपॅनची 'द अवेकनिंग' (१८९९) ही कादंबरी दुसऱ्यांदा वाचली आणि तिच्या शेवटाशी माझं भांडण मिटायच्या ऐवजी वाढलं.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एडना पाँटेलिए न्यू ऑर्लीन्सच्या सुखवस्तू व्यापाऱ्याची बायको, वय २८, दोन मुलगे. उन्हाळ्यात ग्रँड आइलच्या समुद्रात ती पोहायला शिकते. घरी परतल्यावर ठरल्या वारी पाहुण्यांसाठी नटूनथटून बसणं बंद करते, चित्रं काढून विकते, नवरा परगावी असताना जवळच्याच एका छोट्या घरात एकटी राहायला जाते. आणि शेवटी त्याच समुद्रात जीव देते.

नवऱ्याला टिपताना लेखिकेची नजर इतकी तीक्ष्ण आहे! सुरुवातीचाच प्रसंग घ्या. लेऑन्स रात्री अकराला बाहेरून येतो आणि मुलाला ताप आहे असं एडनाला सांगतो. पोरगा ठणठणीत झोपलाय हे तिला पक्कं माहीत आहे. तरी बोलणी खाऊन ती उठते, मुलाला बघून येते. सिगार ओढून झाल्यावर हा आडवा होतो आणि अर्ध्या मिनिटात गाढ झोपतो. ती बाहेर जाऊन रडत बसते. पुढे तो शहरातून खाऊची पेटी पाठवतो तेव्हा सगळ्या बायका म्हणतात, असा नवरा शोधून सापडायचा नाही. आणि एडनालाही ते कबूल करावं लागतं.

हे सगळं दिसणारी लेखिका मुलांपाशी येऊन थबकते. बाळंतपणाने गळून गेलेली मैत्रीण अदेल एडनाला म्हणते, मुलांचा विचार कर. त्यानंतर एडनापुढे मरणाखेरीज वाटच उरत नाही. इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' नाटकातल्या नोराला मुलं टाकून जावं लागतं, टॉलस्टॉयच्या अ‍ॅना कारेनिनाचा मुलगा तिच्यापासून तोडला जातो, एडना मरते. मुलांना घेऊन, स्वतःच्या मिळकतीवर, ताठ मानेने जगणारी बाई कुणीच का लिहिली नाही? शोपॅन स्वतः ३२व्या वर्षी विधवा झाली होती, पदरात सहा मुलं. तिने काही काळ नवऱ्याचं दुकान चालवलं, मग लेखणी हातात घेतली. जे ती जगली ते तिने नायिकेला दिलं नाही, याचा मला राग येतो.

निरंजन

कुणीच नाही कसं? अ‍ॅन ब्राँटेची 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' १८४८ची आहे, एडनाच्या ५० वर्षं आधीची. तिची नायिका हेलन. हेलनचा नवरा आणि त्याचे मित्र तिच्या लहानग्या मुलाला दारू प्यायला आणि शिव्या द्यायला शिकवतात. ती पळून जायचं ठरवते. नवरा तिची रोजनिशी वाचतो, बेत ओळखतो आणि रंगाचं सगळं सामान आगीत घालतो. तरी ती मुलाला घेऊन निघतेच. खोटं नाव घेते, चित्रं विकून राहते, आणि माग लागू नये म्हणून चित्राखाली जागेचं नावही भलतंच लिहिते.

तेव्हाच्या इंग्लंडात विवाहित बाईची कमाई नवऱ्याची आणि मूलही नवऱ्याचं. १८३९च्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांसाठी आईला कोर्टात अर्ज करता येऊ लागला होता, तोही अटींसह. म्हणजे कायद्याच्या लेखी हेलन नवऱ्याच्या पैशावर जगत होती आणि त्याचा वारस पळवून बसली होती. यापेक्षा धीट बाई कुठून आणायची?

मीनल

निरंजन, हेलन मलाही प्रिय आहे, पण तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. हेलन निघते ती मुलाला वाचवायला. तिच्या वाट्याला अपमान, व्यभिचार, सगळं येऊन गेलेलं असतं, तोवर ती थांबतेच ना? मुलाचं कारण मिळतं तेव्हा घर सोडणं पुण्याचं ठरतं. पुढे नवरा मरायला टेकल्यावर ती शुश्रूषेला परत जाते आणि शेवटी दुसरं लग्न करते. वाचकाने तिला माफ करावं याची पुरती तजवीज केलेली आहे. एडनाकडे असं कारणच नाही. तिचा नवरा मारत नाही, पीत नाही. तिला फक्त स्वतःचं आयुष्य हवं आहे, आणि त्याला माफी नाही.

जुना वाचक

दोष लेखकांच्या माथी मारू नका. इब्सेनचं 'अ डॉल्स हाउस' १८७९चं. जर्मनीत नोराची भूमिका करणाऱ्या हेडविग नीमान-राबे या नटीने सांगितलं, मी माझ्या मुलांना कधीच सोडून जाणार नाही, असा शेवट मी करणार नाही. दुसऱ्या कुणी नाटक बिघडवू नये म्हणून इब्सेनने स्वतःच दुसरा शेवट लिहून दिला. त्यात नवरा तिला झोपलेल्या मुलांच्या खोलीच्या दारापाशी नेतो, ती कोसळते आणि घरात राहते. हा नाटकावरचा रानटी अत्याचार आहे असं त्याचं मत होतं. लेखक तयार होता, प्रेक्षक आणि नट तयार नव्हते. शोपॅनवरही टीकाकार तुटून पडलेच होते.

रेवा

सगळे मालकिणींबद्दल बोलताय. नोराची दाई अ‍ॅन-मारी कुणाला आठवते? नोरा तिला विचारते, स्वतःचं मूल परक्यांच्या हाती द्यायला तुला धीर कसा झाला? ती म्हणते, नोराला सांभाळायची नोकरी हवी होती, द्यावंच लागलं. मुलीने काय केलं, तर प्रार्थनामंदिरात दीक्षा झाली तेव्हा आणि लग्न झालं तेव्हा पत्र लिहिलं. दोन पत्रं! तिनेही मूल सोडलं, पण त्यावर कुणी वाद घातल्याचं माझ्या वाचनात नाही. एडनाची मुलं सांभाळणाऱ्या मिश्रवर्णी दाईला तर कादंबरीत नावही नाही. ती दाई आहे म्हणून एडनाला चित्रं काढायला सकाळ मिळते. मला या नायिकांचं दुःख खोटं वाटत नाही. पण मीनल, 'मुलांसकट स्वतंत्र' असं म्हणताना मुलं दिवसभर कुणाच्या कडेवर आहेत तेही विचारा.

निरंजन

रेवा, अगदी मान्य. मीनल, तुमच्याशी मात्र अजून वाद आहे. मुलासाठी निघालेली बाई कमी स्वतंत्र कशी? हेलनला मुलाचं काय व्हावं हे ठरवायचं आहे, तोही तिचाच निर्णय आहे. आईपण हा नेहमी सापळाच असतो हे गृहीत धरलं तर हेलन दिसणारच नाही. आणि एडनाला मुलं नकोशी आहेत असंही नाही. इबरव्हिलला आजीकडे ठेवलेल्या मुलांना भेटायला ती जाते, आठवडाभर राहते, त्यांचे हात गळ्यात पडतात तेव्हा आनंदाने रडते.

मीनल

हो, आणि शहरात परत पोचेपर्यंत तिच्या कानात त्यांचा आवाज उरत नाही, ती पुन्हा एकटी होते. हे शोपॅनने लपवलं नाही, म्हणून ती मला ब्राँटेपेक्षा मोठी वाटते. मुलांवर जीव आहे आणि त्यांच्याविना मोकळंही वाटतं, या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या मनात तिने शेजारी शेजारी ठेवल्या. अशा बाईने पुढे जगायचं कसं, हे प्रकरण तिने लिहायला हवं होतं. दाईचा मुद्दा मात्र मी विचारात घेतला नव्हता, रेवा. अ‍ॅन-मारीसाठी नाटक पुन्हा वाचणार आहे.