विषय: चालू कारखाना घ्यावा की नवा टाकावा? (सोलापूर)

प्रेषक: प्रसाद, मेलबर्न

मंडळी, नमस्कार. गणपतीच्या वर्गणीच्या चर्चेत घुसवण्यापेक्षा वेगळी मेल करतो.

पुढच्या वर्षी कायमचं सोलापूरला परतायचं आम्ही जवळजवळ ठरवलंय. चुलतभाऊ गिरीश तिथेच सुताच्या दलालाकडे कामाला आहे. त्याने अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक कारखाना पाहून ठेवलाय. 24 साधे यंत्रमाग, दोन पाळ्या, टेरी टॉवेल. मालक सत्तरीचे, मुलं पुण्यात आयटीत. ते म्हणतात, "चालू धंदा आहे, आल्या दिवसापासून पैसे मोजा." शेड आणि मागांच्या किमतीच्याही वर ते बरीच रक्कम मागतायत. ती नावाची आणि गिऱ्हाइकांची, असं त्यांचं म्हणणं.

नाहीतर भाड्याच्या शेडमध्ये नवे रेपियर (धोट्याविना चालणारे आधुनिक) माग टाकायचे, गिरीशच्या नावावर पीएमईजीपी या केंद्राच्या स्वयंरोजगार योजनेतून कर्ज काढून. त्यात अनुदान मिळतं. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

प्रेषक: सुनंदा

प्रसाद, चालूच घे रे. नव्याला गिऱ्हाईक शोधण्यात दोन वर्षं जातात आणि त्यात बायकोचे दागिनेही. माझ्या दिरांनी सात रस्त्याला चालू किराणा दुकान घेतलं, पहिल्या संध्याकाळी गल्ला भरलेला. शिवाय सोलापुरी टॉवेल म्हटल्यावर नाव काय कमी आहे? इथल्या दुकानातला टॉवेल अंग पुसतो कमी, सरकवतो जास्त.

प्रेषक: श्रीनिवास, सोलापूर

प्रसाद, परत येतोयस हे छान. मी आलो तेव्हा सगळे वेड्यात काढत होते.

सुनंदाताईंच्या दिरांचं बरोबर आहे, पण ते दुकान. दुकानाचं गिऱ्हाईक कोपऱ्यावर येतं. मालक बदलला तरी साखर तिथूनच नेतं. टॉवेलचं गिऱ्हाईक परगावी बसलेलं असतं आणि ते माणसाला ओळखतं. शेठ फोनवर साइज, वजन आणि तारीख सांगतो, तुझे ते मालक "होऊन जाईल" म्हणतात आणि वर दोन-तीन महिने उधारी सांभाळतात. मालक घरी बसले की शेठ म्हणणार, हा नवीन कोण बे? तुझ्या पहिल्या मालाची तो खोड काढणार आणि जुन्या बिलांचा हिशोब मिटेपर्यंत नव्याचे पैसे लांबवणार. मग वरचे पैसे तू कशाचे दिलेस?

नावाचंही तसंच. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींची जीआय (भौगोलिक मानांकन) नोंदणी आहे, पण ती कुणा एकाच्या कारखान्याची नाही. इथे माल काढणारा कुणीही अधिकृत वापरकर्ता म्हणून अर्ज करू शकतो. राहिला पिशवीवरचा छाप. पुण्याच्या दोन-चार दुकानदारांना तो छाप दाखव आणि ओळखतात का बघ. ओळखत असतील तर दे पैसे.

आता कारखाना. बघायला जाशील तर गिरीशला घेऊन सकाळी चहाला जाऊ नको. न सांगता रात्रपाळीला जा आणि किती माग वाजतायत ते मोज. मग बारा महिन्यांची लाईट बिलं माग. साध्या मागाला एक एचपीच्या आसपासची मोटर असते, म्हणजे पाऊण किलोवॅट. 24 मागांचे 18 किलोवॅट. दिवसाला 20 तास आणि महिन्याला 25 दिवस धरले तर 9000 युनिट होतात. धागा तुटतो, बीम बदलायचा असतो, मोटरही सारखी पूर्ण भार घेत नाही, म्हणून सहा-सात हजार धर. बिलावर तीन हजार दिसले तर निम्मे माग शोभेचे आहेत. ताळेबंद सीए बनवतो, मीटरला सीए नसतो.

कामगारांचं नीट बघ. एक जण दोन माग सांभाळतो, म्हणजे दोन पाळ्यांचे 24 विणकर, शिवाय सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका आणि जॉबर, म्हणजे मागांचा मिस्त्री. त्यांच्याकडे उचल, म्हणजे आगाऊ दिलेले पैसे, किती बाकी आहे ते विचार. मालक ती रक्कम "येणं" म्हणून किमतीत धरतील. तू धरू नकोस. कामगार गेला की उचल गेली, ती वसूल करायला तू विडी घरकुल वसाहतीत दारोदार फिरणार नाहीस. त्या जागेत पैसे मोजावेत असा एकच माणूस आहे, तो जॉबर. जुना माग तोच चालता ठेवतो. त्याच्याशी एकट्याशी बोल, तेलुगू येत असेल तर तेलुगूत.

नव्याचा मोहही आवर. रेपियरला माल चांगला निघतो, पण एकदा सुरू झाला की हप्ता दर महिन्याला दारात उभा राहतो आणि शेठचे पैसे तीन महिन्यांनी येतात. मधल्या दिवसांचं सूत रोखीने. नवे कारखाने मागांपायी बसत नाहीत, या मधल्या दिवसांपायी बसतात.

माझं मत, आत्ता दोन्ही करू नकोस. त्याच मालकाकडे तुझं सूत दे, सहा माग तुझ्यासाठी जॉबवर, म्हणजे फक्त विणायची मजुरी देऊन, चालव आणि माल तू वीक. एका हंगामात कळेल की विकणं तुला जमतं की नाही. माग काय, शहराच्या पूर्व भागात विकायला काढलेले कधीही मिळतील.

प्रेषक: माधवी

श्रीनिवास अण्णांच्या मेलला कागदपत्रांची पुरवणी.

चालू धंदा अख्खा घेतलास तर जुन्या मालकाची जीएसटी थकबाकी तुझ्यामागे येते. कायद्याच्या कलम 85 प्रमाणे हस्तांतरापर्यंतच्या देण्याला दोघंही जबाबदार. पीएफचंही तेच, फक्त तिथे घेणाऱ्याची जबाबदारी घेतलेल्या मालमत्तेच्या किमतीपुरती असते. 20 माणसं झाली की पीएफ लागू होतो आणि अण्णांच्या हिशोबाने तिथे त्याहून जास्त आहेत. हजेरीपटावर किती नावं आहेत ते आधी बघ. पीएफ चुकवायला एकाच शेडमध्ये दोन फर्म दाखवून प्रत्येकीत अठरा-अठरा माणसं, असं काही दिसलं तर तिथूनच परत फिर. कामगार आहे तसे पुढे चालू ठेवले तर ग्रॅच्युइटीसाठी त्यांची मागची वर्षं तुझ्या डोक्यावर, वर्षाला 15 दिवसांच्या पगाराने.

वीजबिलाची जुनी बाकी नव्या मालकाकडून मागता येते. नियमात तशी तरतूद असेल तर ते वैध आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलंय. एमआयडीसीचा प्लॉट सहसा 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. हस्तांतराला त्यांची परवानगी आणि शुल्क दोन्ही लागतं. ते शुल्क कोण भरणार ते किंमत ठरायच्या आधी बोला. पोटभाड्यालाही परवानगी लागते, म्हणून अण्णांचा जॉबचा मार्ग सोपा.

घ्यायचंच झालं तर फर्म घेऊ नकोस, शेड आणि माग घे, नवा जीएसटी नंबर काढ. त्यानेही सगळी जुनी देणी सुटतात असं नाही, पण बरंच ओझं कमी होतं.

पीएमईजीपीचं अनुदान नव्याच प्रकल्पाला मिळतं, जुना कारखाना विकत घ्यायला नाही. आणि कर्ज गिरीशचं म्हणजे धंदाही गिरीशचा. पैसे तुझे आणि सही त्याची, यावर भावाभावांत पुढे काय होतं ते मी ऑफिसात रोज बघते.

तू अनिवासी असताना फर्ममध्ये पैसे घातलेस तर ते परदेशी परत न नेण्याच्या तत्त्वावर धरले जातात, पुढे विक्रीचे पैसे एनआरओ (अनिवासींच्या रुपयांतल्या) खात्यात येतात. तरी तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. पण रक्कम तुझ्याच खात्यातून जाऊ दे, गिरीशला "घरखर्चाला" म्हणून पाठवू नकोस.

प्रेषक: प्रसाद

अण्णा, माधवीताई, आभार. गिरीश रात्रपाळीला जाऊन आला. अकरा माग चालू होते. बिलं मागितल्यावर मालक आधी चिडले, "माझ्यावर विश्वास नाही का", मग आठ दिवसांनी दिली. महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास. मंदी आहे, असं ते म्हणाले. असेलही.

जॉबला मात्र लगेच तयार झाले, उलट खूश दिसले. गिरीशला वाईट वाटलंय, त्याला मालक व्हायचं होतं. त्याला विक्रीत भागीदार करतोय. मजुरीचा दर नगावर ठरवू की किलोवर?

प्रेषक: सुनंदा

पहिला गठ्ठा मंडळाच्या दिवाळी स्टॉलला पाठव. पैसे रोख देते, तीन महिन्यांनी नाही!

प्रेषक: श्रीनिवास, सोलापूर

किलोवर. नगावर ठरवलंस तर टॉवेल हलका निघेल आणि उरलेलं सूत कुठे गेलं ते कळणार नाही. सूत मोजून दे, माल सुका असताना मोजून घे, काटा गिरीशने स्वतः बघावा. घट किती टक्के चालेल ते पहिलं पोतं द्यायच्या आधी लिहून घे.