सीलबंद बाटली की काष्ठौषधीच्या दुकानातली पुडी: अस्सल आयुर्वेदिक औषध कुठे मिळतं?

दादर_पश्चिम
माझं मत सरळ आहे. सुटं चूर्ण घेऊ नये, बाटलीच घ्यावी, कारण बाटलीला मालक असतो. मात्र ती उलटी करून मागचं वाचावं. 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द, उत्पादकाचा पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि मुदत हे सगळं औषधावर छापावंच लागतं. लायसन्स नंबरच्या जागी फक्त 14 आकडी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांक असेल तर ती वस्तू कायद्याने खाद्यपदार्थ आहे, पुढे खलबत्त्याचं चित्र कितीही मोठं असो. 'शंभर टक्के नैसर्गिक' आणि सोनेरी गोल शिक्के यांना काडीची किंमत नाही.
नंतर घटकांची यादी. शास्त्रोक्त औषधावर ग्रंथाचं नाव असतं, म्हणजे भैषज्य रत्नावली वगैरे, आणि त्यातला पाठ, म्हणजे घटक आणि कृती, ताडून पाहता येतो. प्रोप्रायटरी म्हणजे कंपनीने स्वतः जुळवलेलं मिश्रण. ते नकली नव्हे, पण त्यात कुठली वनस्पती किती मिलिग्रॅम आहे ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

खलबत्ता
लेबलवरून कोणी बनवलं ते कळतं, आत काय आहे ते नाही. अशोकाची साल घ्या. औषधातला अशोक म्हणजे सीतेचा अशोक, साराका असोका, नारिंगी फुलांचे झुबके येणारा. आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाला जो उंच, सरळसोट 'अशोक' लावलेला असतो तो आसुपालव. त्याचीच साल अशोक म्हणून सर्रास खपते. एकदा दळली की दोन्ही तपकिरी पूड. काढा करून अरिष्टात, म्हणजे आंबवलेल्या पातळ औषधात, गेली तर डोळ्यांनी कोण ओळखणार?
नागकेशराचंही तेच. औषधात लागतात नागचाफ्याच्या फुलातले पुंकेसर, बारीक तंतू. दुकानात मागितलं की सुरंगीच्या गोल तांबड्या कळ्या पुढे येतात. फसवणूकच असते असं नाही, पिढ्यान्‌पिढ्या तेच नाव चालत आलंय. पण कारखान्यानेही तोच माल उचलला तर लायसन्स नंबर काय कामाचा?
म्हणून अख्खी वस्तू आणा आणि घरी कुटा. त्रिफळा करायचा तर हिरडा, बेहडा, आवळकाठी आधी फोडून बिया काढा, मग फक्त सालीचं वजन समान घ्या. बियांसकट तोललं की प्रमाण बिघडतं. कुटून वस्त्रगाळ करा, काचेच्या बरणीत भरा. जुन्या मताप्रमाणे चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होतं, म्हणजे त्याची ताकद ओसरते. बाटलीवर मुदत दोन वर्षांची असते.

दादर_पश्चिम
आणि मुंबईच्या जुलैत ती अख्खी वस्तू गोणीत काय अवस्थेत असते? मशीद बंदरात तोंड उघडी पोती दमट हवेत उभी असतात. बुरशी धरलेली वस्तू घरी कुटली तर बुरशीचंही चूर्णच होतं.

माटुंगा_रोड
एवढं कशाला? व्हॉट्सॲपवर फिरतंय: चूर्णावर आयोडीनचा थेंब टाका, निळं झालं की पिठाची भेसळ. आणि भस्म (धातू वगैरे जाळून केलेली औषधी राख) पाण्यावर तरंगलं की अस्सल.

बॅच_नंबर
दोन्ही अर्धवट. अश्वगंधेच्या मुळात मुळातच भरपूर स्टार्च असतो; अस्सल चूर्णही निळं-काळं होतं. या चाचणीने चांगला माल फेकला जाईल. भस्म तरंगतं ते बारीक असल्यामुळे. 'वारितर' ही शास्त्रातलीच कसोटी आहे, पण ती एकटी पुरत नाही. भस्मात शिसं मिसळलंय का, हे पाण्याची वाटी सांगणार नाही.
खरा धोका तुम्हा दोघांच्याही बोलण्यात आला नाही. सांधेदुखीच्या 'जडीबुटी' पुड्यांत डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडं सापडलेली आहेत. महिन्यांची दुखणी दोन-तीन दिवसांत थांबली, भूक वाढली, चेहरा सुजला, साखर चढली, तर शंका घ्या. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करू नका, पुडी घेऊन डॉक्टरकडे जा. स्टेरॉइड अचानक तोडणं जिवावर बेतू शकतं. लोकलच्या डब्यात चिकटवलेलं 'मधुमेह मुळापासून' हे पत्रक तर 1954 च्या जाहिरातबंदी कायद्यातच अडकतं.
कंपनीकडे प्रयोगशाळेचा अहवाल मागा आणि त्यावरचा बॅच नंबर बाटलीशी जुळवा. वेबसाइटवरचा अहवाल बहुधा भलत्याच बॅचचा निघतो. निव्वळ वनस्पतींच्या औषधात शिसं 10, आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 पीपीएमच्या (दहा लाखात इतके भाग) आत हवं. रसौषधींना हे माप लावू नका. त्यांत पारा मुद्दाम घातलेला असतो, म्हणून ती वैद्याशिवाय घ्यायचीच नाहीत.
अश्वगंधेच्या लेबलवर 'मूळ' लिहिलंय का तेही बघा. पानांचा अर्क स्वस्त पडतो. 2021 मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलं होतं.

खलबत्ता
म्हणजे अहवाल मागायचा, जुळवायचा, वर कंपनीवर विश्वास ठेवायचा! किती गिऱ्हाइकं हे करतील?

दादर_पश्चिम
जे करतील ते निदान तक्रार करू शकतील. बिल जपा, त्याच बॅचची एक न उघडलेली बाटली ठेवा, लेबलचे चारही बाजूंनी फोटो काढा आणि वांद्रे-कुर्ला संकुलात अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी द्या. अर्धी वापरलेली बाटली नेली तर तुम्हीच काही मिसळलं असेल, असं म्हणायला जागा राहते. पुडीची तक्रार कोणाच्या नावे करणार, सांगा.

खलबत्ता
तक्रारीची वेळच येऊ नये म्हणून विकत घेतानाच पारखायचं. पावसाळा संपल्यावर घ्या. हिरडा हातात जड लागला पाहिजे, पाण्यात टाकला की बुडाला पाहिजे, फोडल्यावर आत भोक किंवा भुसा नको. तरंगला तर दुकानदाराच्या तोंडावर परत करा. बाटलीतल्या हिरड्याचं हे करून दाखवा.