लहान ऑनलाइन गटांतील आपुलकी कितपत खरी?

धागाकर्ती: वडिलांना पक्षाघात झाला तेव्हापासून मी घरी शुश्रूषा करणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटात आहे; आम्ही जेमतेम साठ जण असू. एका रात्री अडीच वाजता त्यांच्या नाकातली, अन्न देण्याची नळी तुंबली म्हणून मी तिथे विचारले, आणि चारच मिनिटांत एका बाईंचे उत्तर आले की सिरिंजने कोमट पाणी हलक्या हाताने पुढेमागे करा, जोर मुळीच लावू नका आणि तरीही सुटली नाही तर डॉक्टरांना कळवा. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारले, "काल तुम्ही स्वतः जेवलात का?" हे तोवर मला कोणीही विचारले नव्हते. गट लहान असला की एखादा माणूस दोन दिवस दिसला नाही तरी कोणाच्या तरी ध्यानात येते, आणि आपलेपणा मला तिथेच सापडतो.

प्रतिसाद १: आपल्या अनुभवाविषयी आदर राखूनही मी असहमत आहे. अडीच वाजता दोन ओळी लिहिणे वेगळे आणि त्याच वेळी दारात येऊन उभे राहणे वेगळे. अशाच एका गटात मी सहा वर्षे होतो. एकदा मतभेद मांडला आणि सकाळी पाहतो तर मला काढून टाकलेले. मुलीच्या निकालाला भरभरून अभिनंदन करणाऱ्यांपैकी एकानेही नंतर विचारपूस केली नाही. सगळे एकमेकांना ओळखत असतात, तिथे वेगळा सूर लावणारा लगेच उघडा पडतो.

प्रतिसाद २: नॉर्वेच्या मॅट्स स्टीनचे उदाहरण पाहा. स्नायूंच्या असाध्य आजाराने तो २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. मुलाला मित्रच नव्हते, अशी आईवडिलांची समजूत होती. पण निधनाची बातमी त्याच्या ब्लॉगवर टाकताच ऑनलाइन खेळातल्या त्याच्या सोबत्यांची पत्रे येऊ लागली, आणि काही जण तर परदेशातून अंत्यसंस्काराला आले.

प्रतिसाद १: ते आले, हेच मला महत्त्वाचे वाटते. माझ्यासाठी साधा फोनही आला नाही.

धागाकर्ती: तुमच्याशी जे झाले ते अन्यायाचेच होते, आणि आमच्या गटात तसे होणारच नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही. वडील जाऊन आठ महिने झाले, तरी मी गट सोडलेला नाही. परवा रात्री पावणेदोनला एका नव्या मुलीने नळीबद्दलच विचारले, तेव्हा मी जागी होते. तिला उत्तर दिले आणि सकाळी जेवणाचेही विचारले.