गुमीत २४, टोकियोत शून्य: आशियाई पदकांचं नक्की करायचं काय?

लॅप_मोजणारा (धागाकर्ता)

मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमीला आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा झाली. भारताला ८ सुवर्ण, १० रौप्य, ६ कांस्य, म्हणजे एकूण २४ पदकं. सुवर्णांच्या हिशेबाने चीनच्या खालोखाल दुसरा नंबर. मथळे झाले, सत्कार झाले. सप्टेंबरात टोकियोला जागतिक स्पर्धा झाली. तिथून ५३ देशांनी पदकं नेली, आजवर एवढ्या देशांनी कधीच नेली नव्हती. सामोआला मिळालं, उरुग्वेला मिळालं. आपली पाटी कोरी.

माझं म्हणणं असं की आशियाई पदकतालिका बघून आपण स्वतःची समजूत घालून घेतो. नंदिनी अगसाराने हेप्टॅथलॉनचं (सात प्रकारांची मिळून एक स्पर्धा) सुवर्ण ५,९४१ गुणांवर घेतलं. टोकियोचा पात्रता निकष होता ६,५००. आपला राष्ट्रीय विक्रम ६,२११, तोही जे. जे. शोभाचा, २००४ सालचा. पूजाने उंच उडीत १.८९ मीटरवर सुवर्ण घेतलं, निकष १.९७. १०० मीटर अडथळ्यांत ज्योती याराजीचे १२.९६ सेकंद हा स्पर्धाविक्रम ठरला, पण निकष १२.७३ होता आणि तिचा स्वतःचा राष्ट्रीय विक्रम १२.७८ आहे. अविनाश साबळेने स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्यावरून ३,००० मीटर) ८:२०.९२ मध्ये जिंकली, पण जपानचा अव्वल स्टीपलचेसपटू रियुजी मिउरा तिथे नव्हताच. (नीरजही गेला नव्हता, त्यामुळे आपणही पूर्ण ताकदीनं उतरलो असं नाही.)

या मुलामुलींच्या मेहनतीबद्दल शंका घ्यायची नाही. प्रश्न पैशाचा आहे. सरकारी रोख बक्षीस आशियाई पदकाला न देता जागतिक पात्रता निकष गाठणाऱ्याला द्यावं, मग पदक असो वा नसो. पटतंय का?

भोसला_ग्राउंड

नाही पटत. तुम्ही स्टॉपवॉच हातात घेऊन पदकं जोखताय, आणि अजिंक्यपद स्पर्धा कधी स्टॉपवॉचवर पळतच नाहीत.

टोकियोची १०,००० मीटर बघा. फ्रान्सचा जिमी ग्रेसिए विश्वविजेता झाला, वेळ २८:५५.७७. गुमीत गुलवीर सिंगने हीच शर्यत २८:३८.६३ मध्ये जिंकली होती. म्हणजे तुमच्या हिशेबाने गुमी वरचढ? स्टीपलचेस तर त्याहून गमतीची. न्यूझीलंडचा जॉर्डी बीमिश ८:३३.८८ मध्ये विश्वविजेता! साबळेच्या गुमीतल्या वेळेपेक्षा जवळजवळ १३ सेकंद जास्त. हा बीमिश हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) पडला होता, मागून येणाऱ्याचा बूट त्याच्या तोंडावर पडला, तरी उठून पात्र ठरला आणि फायनलमध्ये अगदी शेवटच्या काही पावलांत मोरोक्कोच्या एल बक्कालीला मागे टाकलं.

पेसर (पुढे पळून वेग ठरवून देणारा) नसतो, सगळे एकमेकांकडे बघत पळतात, आणि शेवटच्या ४०० मीटरमध्ये कोण किती कापतो त्यावर सगळं ठरतं. हे शिकायला आशियाई स्पर्धेसारखी जागा नाही. तिथे तुम्ही पदकासाठी पळता, वेळेसाठी नाही.

लॅप_मोजणारा

उदाहरण चांगलं दिलंत, पण अर्धंच. त्याच टोकियोच्या १०,००० मीटरमध्ये गुलवीरही होता. सोळावा आला, २९:१३.३३. त्याची सर्वोत्तम वेळ २७:००.२२ आहे. एवढी संथ शर्यत मिळूनही ग्रेसिएच्या मागे साडेसतरा सेकंद. सगळं अंतर शेवटी पडलं.

साबळेचंही तेच. २०२२ ला युजीनमध्ये जागतिक फायनल संथच होती, एल बक्कालीने ८:२५.१३ मध्ये जिंकली. अविनाश अकरावा, ८:३१.७५. पुढच्या वर्षी बुडापेस्टला तर हीटमधूनच बाहेर. तेव्हा 'टोकियोला साबळे असता तर' हे वाक्य कुणी लिहायच्या आतच थांबवतो. त्याचा गुडघा गेला होता, तो नव्हता, ते वाईट झालं. पण संथ शर्यत म्हणजे आपल्यासाठी आयतं ताट, हे काही खरं नाही.

तुम्ही म्हणता गुमीत शर्यत पळायला शिकतात. शेवटच्या लॅपला ५४-५५ सेकंदांत पळणारे चार-पाच जण जर अंगावर आलेच नाहीत, तर काय शिकणार?

आष्टीकर

मिउरा नव्हता हा साबळेचा गुन्हा आहे का? जो आला त्याला हरवायचं, दुसरं काय करायचं असतं गड्याने? आशियाई स्पर्धेत १९८९ नंतर थेट २०२५ ला भारताला पुरुषांच्या स्टीपलचेसचं सुवर्ण मिळालं. ३६ वर्षं. मधल्या काळात दर वेळी मिउरा येत होता का?

आणि युजीन आठवलं तर त्याच उन्हाळ्यातलं बर्मिंगहॅमही आठवा. राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या किबिवॉटच्या मागे ०.०५ सेकंद. ८:११.२०. ती शर्यत संथ होती का वेगवान?

आता पैशाचं. आमच्या आष्टी तालुक्यात सकाळी पाचला मैदानावर या. निम्मी पोरं पोलीस भरतीचे १६०० मीटर मारत असतात, निम्मी सैन्य भरतीचं. मांडव्याचा अविनाशही आधी फौजेतच गेला, पळायला लागला ते नंतर. या पोरांना पदक कळतं. गावाला कळतं, आमदाराला कळतं, कलेक्टरला कळतं. '६,५०० गुणांचा निकष' घेऊन कुठल्या टेबलावर जाणार तो? साहेब विचारणार, कितवा आलास ते सांग.

हरियाणाची पूजा गवंड्याची पोरगी. बांबूची काठी आडवी बांधून आणि पेंढ्याच्या पोत्यांवर पडून उंच उडी शिकली. तिच्या १.८९ ला ८ सेंटिमीटर कमी पडले म्हणून बक्षीस नाही, असं तिच्या बापाला सांगायला तुम्ही जा. आणि एक विसरलात. आशियाई विजेतेपद हाही टोकियोला पात्र ठरायचा एक रस्ता होता. निकषाने बंद केलेलं दार पदकाने उघडू शकतं.

फूटपट्टी

तुम्ही सगळे ट्रॅकवरच अडकलात. मैदानी प्रकारांकडे बघा, चित्र उलटं दिसतं.

उंच उडी, पुरुष. गुमीत कोरियाच्या वू सांगह्योकने सुवर्ण घेतलं आणि टोकियोत तोच जागतिक रौप्य घेऊन गेला, न्यूझीलंडच्या हॅमिश करच्या मागे. म्हणजे या प्रकारात आशिया म्हणजे जवळपास जगच. आणि आपला नाशिकचा सर्वेश कुशारे? गुमीच्या आपल्या २४ पदकांत त्याचं नाव शोधा. सापडणार नाही. बँकॉकला २०२३ मध्ये आशियाई रौप्य होतं, गुमीत रिकाम्या हाताने परतला. तोच टोकियोत २.२८ मीटर मारून जगात सहावा आला. जागतिक स्पर्धेत उंच उडीची फायनल गाठणारा पहिला भारतीय.

भालाफेक घ्या. गुमीत पाकिस्तानचा अर्शद नदीम ८६.४० मीटरवर पहिला, आपला सचिन यादव ८५.१६ वर दुसरा. टोकियोत नदीम दहावा. सचिनने ८६.२७ फेकून चौथा नंबर काढला, कांस्य फक्त ४० सेंटिमीटरने गेलं. नीरज त्याच फायनलमध्ये आठवा.

म्हणून धागाकर्त्यांच्या निष्कर्षाशी सहमत, पण कारणाशी नाही. पदकतालिका फुगवून सांगते हा अर्धा भाग झाला. ती कित्येकदा खरं कामही लपवते. पेपरात कुशारेवर कितीशी बातमी आली? आमच्याकडे आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात.

चहा_बिस्किट

सगळं ठीक आहे हो, पण उत्तेजक द्रव्यांवर कुणी बोलत नाही. वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) अहवालांत भरपूर नमुने तपासणाऱ्या देशांमध्ये आपलं दोषी नमुन्यांचं प्रमाण सगळ्यात वर असतं. आधी ते बघा.

लॅप_मोजणारा

@चहा_बिस्किट, मुद्दा गंभीर आहे आणि त्याला स्वतंत्र धागा हवा. इथे सुरू केला की प्रत्येक नावावर शिंतोडे उडतील आणि मूळ विषय बाजूला पडेल. काढा धागा, मी येतो तिथे.

@फूटपट्टी, कुशारेचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. बक्षीस आशियाई पदकाऐवजी जागतिक कामगिरीवर असतं तर गुमीत पदक हुकल्यावरही त्याला काहीतरी मिळालं असतं.

माणदेशी

ललिता बाबरचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. आमच्या माण तालुक्यातली, मोहीची. २०१५ ला वुहानला आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण. त्याच वर्षी बीजिंगला जागतिक फायनलमध्ये आठवी. २०१६ ला रिओला हीटमध्ये ९:१९.७६ चा राष्ट्रीय विक्रम आणि फायनलमध्ये दहावी. पी. टी. उषाच्या १९८४ नंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरची फायनल खेळणारी पहिली भारतीय बाई. आशियाई सुवर्ण ही पायरी असते, ती अशी. पायरी काढून घेतली तर वर जायचं कुठून?

लॅप_मोजणारा

ललिताबद्दल आदरच आहे. पण रिओनंतर काय झालं तेही लिहा ना. ती उपजिल्हाधिकारी झाली. तिचा हक्कच होता तो, तिच्या जागी मी असतो तर आनंदाने घेतला असता. पण जगात आठव्या क्रमांकापर्यंत पोचलेल्या धावपटूसाठी आपल्या व्यवस्थेकडे सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे ट्रॅकच्या बाहेरची खुर्ची. बक्षीस धावण्याशी बांधलेलं असतं, दर हंगामाला नवा निकष आणि नवा पैसा, तर कदाचित आणखी दोन ऑलिंपिक बघायला मिळाली असती.

माणदेशी

कदाचित. पण पोटरी फाटली की पुढच्या हंगामाचा पैसा बंद, खुर्ची मात्र साठीपर्यंत. माणदेशात दुष्काळ बघत वाढलेल्या पोरीने कशाची निवड करावी हे पुण्यात बसून सांगू नका. साबळेचा गुडघा, ज्योतीचा गुडघा, दोघंही गुमीनंतर काही आठवड्यांतच जायबंदी झाले. तुमच्या नियमाने या दोघांना या हंगामात काय मिळालं असतं?

भोसला_ग्राउंड

+१.

नाशिकला विजेंदर सिंग सरांनी कविता राऊत आणि संजीवनी जाधव घडवल्या त्या भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर. कविता तर हरसूलकडच्या पाड्यातली. संजीवनीने २०१७ ला भुवनेश्वरला ५,००० मीटरचं आशियाई कांस्य घेतलं. त्या कांस्याने पुढच्या किती पोरी मैदानावर आल्या हे कुठल्याही निकषात बसत नाही.

आणखी एक. तुम्ही शून्य-शून्य म्हणताय म्हणून जपानकडे बघा. गुमीत त्यांची २८ पदकं, आपल्यापेक्षा जास्त. सप्टेंबरात स्वतःच्या घरी, स्वतःच्या प्रेक्षकांपुढे किती? दोन कांस्य, दोन्ही चालण्याच्या शर्यतीत. तिथल्या शाळा-शाळांतून रिले पळतात, विद्यापीठांच्या एकिदेन (रस्त्यावरच्या लांब पल्ल्याच्या रिले) शर्यतींना टीव्हीसमोर अख्खा देश बसतो. त्यांनाही दोनच मिळाली. मग टोकियोतल्या आपल्या भोपळ्यावरून गुमी खोटी ठरवायची तर जपानची गुमीही खोटी ठरवा.

बॅटन_पडला

पारुल चौधरी राहिली. गुमीत ३,००० स्टीपलचेसला ९:१२.४६, नवा राष्ट्रीय विक्रम, आणि तरी रौप्य. कारण पुढे कझाकस्तानकडून पळणारी नोरा जेरुतो होती, मूळची केनियाची, २०२२ ची विश्वविजेती. तालिकेत पारुलचं रौप्य नंदिनीच्या सुवर्णाखाली लागतं. माझ्या मते गुमीतली आपली सगळ्यात मोठी धाव तीच. आठ सुवर्णांपैकी निम्म्यांवर मी ते एक रौप्य घेईन.

(टोकियोत पारुल हीटमध्येच गेली, हेही लिहून ठेवतो, नाहीतर धागाकर्ते लिहितीलच.)

लॅप_मोजणारा

लिहिणारच होतो :)

बरं, माणदेशी आणि आष्टीकर यांचा नोकरीचा मुद्दा मला पटतो. नोकरी आशियाई पदकावर द्या, त्याला हात लावू नका. रोख बक्षीस मात्र जागतिक स्पर्धेतल्या पहिल्या आठांना द्या. कुशारे बसतो, सचिन बसतो. दुखापत झाली तरी नोकरी शाबूत. २०२६ ला नागोयाला एशियाड आहे, २०२७ ला बीजिंगला जागतिक स्पर्धा. नागोयात पुन्हा पदकांचा पाऊस पडेल. त्याच्या आधी हा नियम झाला पाहिजे, नंतर सत्कारांच्या गर्दीत कुणी ऐकणार नाही.

आष्टीकर

पहिल्या आठांचं मान्य. पण नियम होईपर्यंत कुशारेला सहाव्या नंबराचं काय मिळालं तेवढं विचारून घ्या कुणीतरी. नाशिकची मंडळी आहेत इथं.

फूटपट्टी

आणि पहिल्या आठांत नीरजही येतो, ८४.०३ मीटरवर आठवा. पाठीच्या दुखण्यातला, गेल्या कित्येक वर्षांतला त्याचा सगळ्यात वाईट दिवस. सचिनने त्याच संध्याकाळी आयुष्यातली सर्वोत्तम फेक केली. दोघांना सरसकट एकच रक्कम देणार, की क्रमांकाप्रमाणे? आणि क्रमांकाप्रमाणे देणार असाल तर चौथ्याला किती? ते आकड्यात लिहा, मग पुढे बोलू.