मेलेल्यांना निजवणाऱ्या मुलीची गोष्ट: किशोरवयात वाचावी की नाही?

निशाचरी:
गार्थ निक्स या ऑस्ट्रेलियन लेखकाची १९९५ सालची ‘सॅब्रिएल’ दोन रात्रींत पुन्हा वाचून काढली. पहिल्यांदा वाचली तेव्हा सोळा वर्षांची होते. अंगावर काटा यायच्या जागा अजूनही त्याच आहेत. (पुढे रसभंग आहे.)

सॅब्रिएल अठरा वर्षांची आहे. इतर मांत्रिक मेलेल्यांना उठवतात, हिचे वडील त्यांना पुन्हा निजवतात. एके रात्री वडिलांची तलवार आणि घंटांचा पट्टा तिच्या हाती येतो. ते मृत्यूत अडकलेत हे तिला कळतं आणि ती शोधायला निघते.

या कादंबरीत मृत्यू म्हणजे नदी. गारठवणारी, सतत पाय ओढणारी, नऊ दरवाजांची. आणि त्या सात घंटा! रॅना झोपवते, सॅरानेथ बांधून ठेवते. मोस्रेल वाजवली की ऐकणारा जीवनाकडे येतो, पण वाजवणारा मृत्यूत आणखी आत ढकलला जातो. शेवटची अ‍ॅस्टरेल तर ऐकणाऱ्या सगळ्यांना घेऊन जाते, वाजवणाऱ्यालाही. मला भुरळ पडते ती या हिशेबाची. फुकट काहीच मिळत नाही. नुसतं दचकवणारं पुस्तक मी चार दिवसांत विसरते, हे मानगुटीवरून उतरत नाही. अशी भीती किशोरवयातच भेटावी, असं माझं ठाम मत आहे.

अर्धविराम:
असहमत. घंटा सुंदर आहेत, मान्य. पण ते मेलेले कोण होते? या प्रकारच्या कादंबऱ्यांत मेलेले म्हणजे झुंड. यायचं, झडप घालायची, नायिकेने परतवायचं. त्यांतल्या एकाचं तरी दुःख आपल्याला कळतं का?

होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्याच्या तेविसाव्या सर्गात युद्धात मेलेला पॅट्रोक्लस आपल्या जिवलग मित्राच्या, अकिलीसच्या, स्वप्नात येतो. मला लवकर अग्नी दे, म्हणजे मला पलीकडे जाता येईल, एवढंच त्याचं मागणं. धाकटा प्लिनी या प्राचीन रोमन लेखकाच्या एका पत्रात अथेन्समधलं झपाटलेलं घर आहे. साखळदंड खुळखुळवत भूत येतं आणि अथेनोडोरस या तत्त्वज्ञाला खुणेने बोलावतं. तो हातानेच ‘थांब’ म्हणतो आणि लिहीत राहतो! मग उठून मागे जातो, ते नाहीसं होतं ती जागा खणायला लावतो, तर साखळ्यांत अडकलेली हाडं निघतात. रीतसर दफन झाल्यावर घर शांत होतं. दोन्हीकडे मेलेल्याला जिवंतांकडून काही हवं आहे, म्हणून त्याची तगमग कळते. नुसती भूक असलेलं प्रेत म्हणजे जनावर झालं.

निशाचरी:
प्लिनीचा मुद्दा बिनतोड आहे. पण ‘सॅब्रिएल’मधली बरीचशी प्रेतं आपणहून उठलेली नाहीत, त्यांना कुणीतरी राबवतंय. तो पुलाचा प्रसंग आठवा. वाहतं पाणी मेलेल्यांना ओलांडता येत नाही, म्हणून जिवंत गुलामांकडून थडग्यांतल्या मातीच्या पेट्या नदीत टाकून घेतात. तिथे मला प्रेतांची भीती वाटलीच नाही, राबवणाऱ्याची वाटली. ती भीती सोळाव्या वर्षी ओळखीची व्हायला हवी.

कोरापान:
मी विरोधात आहे, आणि माझं कारण साहित्यातलं नाही.

मी चौदा वर्षांचा असताना माझा मोठा भाऊ गेला. काही महिन्यांनी कुणीतरी मायेने हेच पुस्तक हातात ठेवलं. सॅब्रिएल वडिलांना शोधून काढते, त्यांच्याशी बोलते. ते वाचल्यावर मी कित्येक रात्री जागा राहिलो. भीतीने नाही हो, वाट बघत. भीती दिवा लावला की जाते. वाट बघणं गेलं नाही.

सायसाखर:
कोरापान, वाचून गलबललं. माझा अनुभव उलटा आहे, तो सांगते, तुमचा खोडायला नाही.

आई गेली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. माझ्यासमोर सगळे ‘आई लांब गेली’ म्हणायचे, मी खोलीत आले की गप्प व्हायचे. या पुस्तकात मात्र लोक सरळ ‘मेला’ म्हणतात. आणि सॅब्रिएलचे वडील भेटतात ते परत येण्यासाठी नाही. काळजाचे मोजके ठोके घेऊनच ते येतात, ते संपायच्या आत अ‍ॅस्टरेल स्वतः वाजवायची हे त्यांचं ठरलेलं असतं. त्या पानांवर मी पहिल्यांदा मोकळी रडले. तोवर घरात माझ्यासमोर कुणी रडलंच नव्हतं.

कोरापान:
वडिलांचं मान्य. पण शेवट? सॅब्रिएल मरते, आणि घराण्यातले आधीचे सगळे तिला परत पाठवतात, कारण तिच्यामागे वारस नाही. अडीचशेहून जास्त पानं ज्या हिशेबाने छळलं, तो नायिकेपाशी मोडतो. माझ्या भावाच्या मागे कोण होतं, हे कुणी पाहिलं?

अर्धविराम:
हेच. निशाचरी, तुम्ही वर म्हणालात, फुकट काहीच मिळत नाही.

निशाचरी:
हो, म्हणाले. वडिलांनी तिच्यासाठी किंमत मोजली, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. कोरापानना ते उत्तर देता येत नाही. सोळाव्या वर्षी ती परत आली म्हणून मी पुस्तक छातीशी धरलं होतं. ज्यांचं कुणी परत आलं नाही त्यांना ते पान कसं लागेल, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

पुस्तक मला आवडतं ते आवडतंच. पण भाचीसाठी प्रत काढून ठेवली होती, आणि तिची जिवलग मैत्रीण मागच्या वर्षी गेली. द्यावी का?

कोरापान:
द्या. फक्त शेवटच्या प्रकरणाला तिच्या शेजारी बसा.