जुनी इलेक्ट्रिक सेडान : किलोमीटर बघायचे की बॅटरी?

धागाकर्ती

गेले तीन महिने मी जुनी इलेक्ट्रिक सेडान शोधतेय. सात गाड्या पाहिल्या, त्यातल्या चार चालवल्या. आता माझं मत बऱ्यापैकी पक्कं झालंय. ते इथे मांडते. पटलं नाही तर कारणासकट खोडून काढा, कारण पैसे अजून दिलेले नाहीत.

माझं म्हणणं असं की चार-पाच वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक सेडान हा आज चारचाकीतला सगळ्यात शहाणपणाचा सौदा आहे, फक्त लोक ती चुकीच्या आकड्यावरून पारखतात. पेट्रोल गाडीची सवय लागलेली असते, म्हणून पहिला प्रश्न "किती पळालीये?" आणि विकणाराही "रनिंग अगदी कमी" हेच अभिमानाने सांगतो. पण लिथियमची बॅटरी नुसती उभी राहूनही म्हातारी होते, आणि उष्णता व काठोकाठ चार्ज या दोन गोष्टी ते म्हातारपण लवकर आणतात. उन्हात १०० टक्के चार्ज करून उभी ठेवलेली ३० हजार किलोमीटरची गाडी, रोज २० ते ८० टक्क्यांत वापरलेल्या ९० हजारवालीपेक्षा जास्त थकलेली असू शकते.

सेडानच का, तर हवेमुळे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. टेस्ला मॉडेल ३ चा ड्रॅगचा, म्हणजे हवेच्या विरोधाचा, आकडा ०.२३ आहे, ह्युंदाई आयोनिक ६ चा ०.२१. जितका कमी तितका चांगला. उंच, चौकोनी गाड्यांना हे जमत नाही, शिवाय हवेला आडवं येणारं त्यांचं तोंडही मोठं. थोडी थकलेली बॅटरी म्हणूनच सेडानमध्ये हमरस्त्यावर जास्त पुरते.

वॉरंटीही बघा. बहुतेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर (जे आधी होईल ते) देतात आणि क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर जबाबदारी घेतात. पाच वर्षांच्या गाडीत यातली तीन वर्षं शिल्लक असतात.

चौकस

साफ असहमत. तुम्ही बॅटरीकडे इतकं निरखून बघताय की बाकीची गाडी दिसेनाशी झालीये.

माझ्याकडे अशीच जुनी घेतलेली सेडान दोन वर्षं होती. बॅटरी खणखणीत. एका सकाळी पाहिलं तर केबल रात्रभर लावलेली, पोर्टवरचा दिवा लाल, आणि चार्ज काल होता तेवढाच. गाडीच्या पोटातला चार्जर गेला होता. घरची वीज एसी, बॅटरीला लागते डीसी, आणि मधलं काम हा डबा करतो. फास्ट चार्जर थेट डीसी देतो म्हणून तिथे गाडी चार्ज व्हायची. भाग येईपर्यंत सात आठवडे मी दर तिसऱ्या दिवशी तिथे जाऊन रांगेत बसत होतो. आणि त्या डब्याची वॉरंटी बॅटरीच्या वॉरंटीत धरलेली नव्हती, ती कधीच संपली होती. पूर्ण भुर्दंड माझ्या खिशातून गेला.

हे माझं एकट्याचं दुर्दैव म्हणून सोडून देऊ नका. २०१२ ते २०१८ मधल्या टेस्ला मॉडेल एसच्या मधल्या स्क्रीनमागे ८ जीबीची फ्लॅश चिप होती. सतत नोंदी लिहून लिहून ती झिजायची आणि स्क्रीन काळा पडायचा, त्याबरोबर मागचा कॅमेरा आणि काचेवरचं धुकं काढायची बटणंही जायची. २०२१ मध्ये अमेरिकेत त्यासाठी सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या (त्यात मॉडेल एक्सही) परत बोलवाव्या लागल्या. तुम्ही जिचं नाव घेतलंत ती आयोनिक ६ सुद्धा २०२४ मध्ये चार्जिंगच्या कंट्रोल युनिटसाठी परत बोलावली गेली. ते युनिट बिघडलं की १२ व्होल्टची छोटी बॅटरी भरली जात नाही आणि धावती गाडी ताकद गमावते. मोठी बॅटरी ९५ टक्के असून त्या वेळी काय उपयोग?

७० टक्क्यांची अटही नीट वाचा. ७२ टक्क्यांवर थांबलेली गाडी तुमच्या गळ्यात पडली तर कंपनी ढुंकूनही बघणार नाही.

धागाकर्ती

चार्जरचा मुद्दा मान्य. मी चारही गाड्या चालवल्या, पण एकही एसी केबलला लावून बघितली नाही. ही माझी चूकच. यापुढे दोन्ही प्रकारे, एसी आणि डीसी, चार्ज करून बघितल्याशिवाय बोलणी पुढे नेणार नाही. रिकॉलचं, म्हणजे परत बोलावलेल्या गाड्यांच्या दुरुस्तीचं, काम झालंय का, हेही चॅसी नंबरवरून तपासेन. ७० टक्क्यांची हमी मी मोडकळीला आलेल्या बॅटरीपुरतीच धरतेय. ७२ ची गाडी मी मुळात घेणारच नाही.

वीजमापी

मूळ मुद्दा बरोबर आहे, पण बॅटरी "बघायची" म्हणजे कशी? स्क्रीनवर दिसणाऱ्या रेंजवर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो आकडा आधीच्या चालकाच्या पायावर ठरतो. सावकाश चालवणाऱ्याची गाडी फुगवलेली रेंज दाखवते.

मी करतो ते असं. ट्रिप मीटर शून्य करायचा आणि गाडी एका दमात चालवायची. समजा ८० टक्क्यांवरून ३० वर आली आणि मीटर म्हणाला २७ युनिट खर्च झाली. म्हणजे ५० टक्क्यांत २७, पूर्ण बॅटरीत ५४. नवी असताना वापरण्याजोगी ६० असेल तर आज ९० टक्के उरलीय. मध्ये गाडी उभी करून गारव्याचा एसी चालू ठेवू नका, काही गाड्या उभ्या असतानाचा खर्च ट्रिपमध्ये धरतच नाहीत आणि मग हिशोब चुकतो. दहा टक्क्यांच्या फेरीवरूनही काही कळत नाही, निदान चाळीस-पन्नास टक्के तरी उतरू द्या.

एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) सेल असतील (काही मॉडेल ३, बीवायडी सील) तर आधी १०० टक्के चार्ज करायला सांगा. या सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे बरेच दिवस पूर्ण चार्ज न केलेल्या गाडीला आपले टक्के स्वतःलाच नीट माहीत नसतात.

गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा स्कॅनर मिळाला तर आणखी चांगलं. मी एकूण आरोग्याच्या टक्क्यापेक्षा सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या सेल गटातला व्होल्टेजचा फरक आधी बघतो, तोही बॅटरी कमी असताना. सगळे गट सारखे उतरले असतील तर गाडी नुसती वयस्क आहे. एकच गट मागे पडत असेल तर ती मी घेणार नाही. जुन्या मॉडेल एसच्या ८५ युनिटच्या पॅकमध्ये ७ हजारांवर सेल, १६ मॉड्यूलमध्ये (म्हणजे गठ्ठ्यांत) असतात. एक मॉड्यूल बदलून देणारे आहेत, पण नवं मॉड्यूल पंधरा जुन्यांशी जुळत नाही आणि काही महिन्यांत तक्रार परत येते.

मागच्या सीटवरून

चर्चा सगळी चालवणाऱ्यांची चाललीये. वडिलांना मागे बसवून बघितलंत का? बॅटरी जमिनीखाली, त्यामुळे फरशी वर आलेली आणि छत सेडानचं, म्हणजे खाली. माझ्या वडिलांचे गुडघे छातीकडे येतात, मांड्या सीटला टेकतच नाहीत. तासाभरात कंबर धरते. ०.२१ च्या आकड्याची किंमत मागे बसणारा मोजतो. माझं मत उंच गाडीलाच.

धागाकर्ती

आम्ही दोघंच असतो, त्यामुळे मला चालेल. पण ज्यांच्या घरात ज्येष्ठ आहेत त्यांनी हे आधी बघावंच.

वाटाड्या

सेडान जमिनीलगत असते, म्हणून गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय घेऊ नका. एका गाडीखाली टॉर्च मारला तर बॅटरीच्या पत्र्यावर हातभर लांब ओरखडा आणि टोकाला वाटीएवढा खोलगा. वरून रंग चकचकीत होता. अशा खोलग्यावर बॅटरीची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. डिस्कवर गंजाचे पट्टे दिसले तर तेवढ्याने घाबरू नका. मोटरच गाडी थांबवते, ब्रेक क्वचित लागतात म्हणून तो चढतो. टायर मात्र वजनामुळे लवकर जातात, ते किमतीतून वळते करा.

चौकस

हे सगळं करूनही एक प्रश्न उरतो. किंमत इतकी पडलेली आहे ती उगीच नाही. नव्या ८०० व्होल्टच्या गाड्या योग्य चार्जरवर १० ते ८० टक्के वीसेक मिनिटांत भरतात. तुमची पाच वर्षांनी विकायला काढाल तेव्हा घेणार कोण?

धागाकर्ती

मी विकण्यासाठी घेत नाहीये. पहिली मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली आहे, पुढची मी आठ वर्षांवर पसरवणार. रोजचं चार्जिंग घरी रात्री होईल, तिथे ८०० व्होल्टचा काही फायदा नाही. ज्यांना घरी चार्जिंगची सोय नाही त्यांनी मात्र तुमचं ऐकावं, जुनी घेऊ नये.

त्या चारांपैकी एक मनात भरलीय. फक्त मालक स्कॅनर लावू द्यायला तयार नाही. म्हणतो, वॉरंटी जाईल.

वीजमापी

नुसतं वाचल्याने वॉरंटी कशी जाईल? सर्व्हिस सेंटरला नेऊन त्यांच्याकडूनच बॅटरीचा रिपोर्ट काढायला सांगा, खर्च तुम्ही द्या. त्यालाही नाही म्हणाला तर मागे फिरा.

चौकस

इथे वीजमापींशी सहमत. आणि घेतलीतच, तर जुन्या मालकाचं खातं ॲपमधून तुमच्यासमोर निघेपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवा. माझ्या गाडीचं कुलूप विक्रीनंतर अकरा दिवस दुसऱ्याच्या फोनवरून उघडत होतं.