२०१५ ची ऑडी ए३ डिझेल सोलापुरात सांभाळणं जमेल का?

टॉवेलवाला१३:
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. पुण्यात एका डीलरकडे २०१५ ची ऑडी ए३ डिझेल बघून आलोय. एमएच १२ पासिंग, सेकंड ओनर, मीटरवर ७८,००० किमी, मागतोय साडेनऊ लाख. रोजचं फिरणं जुळे सोलापूर ते कारखाना, शिवाय महिन्यातून दोनदा पुणे नाहीतर हैदराबाद. वडील म्हणतात, तेवढ्यात नवी गाडी येते, दुसऱ्याचं दुखणं घरात कशाला आणतोस. मला मात्र गाडी मनापासून आवडलीय. वर्षाला खर्च किती धरावा?

होटगीरोडकर:
मालक, त्यापेक्षा त्याच सालची स्कोडाची ऑक्टाव्हिया डिझेल बघा. दोन्ही एकाच सांगाड्यावरच्या, म्हणजे फोक्सवॅगन गटाच्या एमक्यूबी प्लॅटफॉर्मवरच्या. २ लिटर टीडीआय (डिझेल इंजिन) आणि ६ गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) तिच्यातही मिळतो. डिकी मोठी, किंमत कमी.

सातरस्ता_सोलापूर:
मी चार वर्षं अशीच एक जर्मन सेडान सांभाळतोय. कंपनी वेगळी, मॉडेल २०१३ चं. गाडी आवडली असेल तर घ्या, पण मला काय भोगावं लागलं ते आधी ऐका.

दारातल्या लिंबाखाली गाडी लावतो. सनरूफच्या कोपऱ्यांतून पाणी खाली सोडणाऱ्या बारीक नळ्या असतात. लिंबाचा पाला आणि उन्हाळाभराची धूळ साचून त्या तुंबल्या होत्या. जूनचा पहिला पाऊस झाला आणि पाणी आतून ड्रायव्हरशेजारच्या पायाखाली उतरलं. वरून कार्पेट कोरडं, खालचा फोम पावसात भिजलेल्या गादीसारखा. पंधरा दिवसांनी डॅशबोर्डवर एकेक दिवा लागायला लागला. कार्पेट उचललं तर वायरिंगच्या पिना हिरव्या पडलेल्या. इथं कुणी हात लावेना. फ्लॅटबेडवर टाकून अडीचशे किलोमीटर पुण्याला नेली. टोइंगचे १४,००० आणि वायरिंगचे ३१,००० गेले. नळ्या साफ करायला दहा मिनिटं लागतात हो! अजून जिवाला लागतं ते. आता दर मेअखेरीला मी स्वतः सनरूफच्या खाचेत पाणी ओततो आणि चाकापाशी खाली पडतंय का ते वाकून बघतो.

तुमच्या ए३ बद्दल सांगतो. डिझेलचा ६ गिअरचा डीएसजी तेलातल्या क्लचचा आहे, तो टिकाऊ. पण दर ६०,००० किमीला त्याचं तेल आणि फिल्टर बदललंच पाहिजे. ७८,००० झालेत म्हणतोय ना, मग बिल मागा. बिल नसेल तर तेल बदललं नाही असंच धरा. नंतर आलेल्या १.४ पेट्रोलला ७ गिअरचा कोरड्या क्लचचा डबा आहे, तो गर्दीत हळू चालवताना थरथरतो. डिझेल बघताय ते बरंय. टायमिंग बेल्टचंही विचारा, म्हणजे इंजिनातले भाग तालात फिरवणारा पट्टा. दहा वर्षांचा बेल्ट किलोमीटर कमी झाले म्हणून ठेवू नये, तुटला तर इंजिन जातं. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, एकदा उघडलं की दोन्ही बदला. पुण्यात कंपनीबाहेरच्या चांगल्या गॅरेजात चाळीसेक हजार धरा. बराच माल ऑक्टाव्हियाशी जुळतो, पार्ट नंबर घेऊन स्कोडाच्या पार्टवाल्याकडे विचारायचं. मेमध्ये इथं पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा एसी दुपारी दोन वाजता उभ्या गाडीत तपासा.

पहिल्या वर्षाला दीड लाख बाजूला काढा. पुढं वर्षाला साठ-सत्तर हजार.

आणि एक विसरू नका. डीलरकडं सकाळी जा, आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी आधीच चालू करून ठेवलीय, थंड इंजिनाचं दुखणं कळणार नाही, परत या. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून जुने फॉल्ट वाचून घ्या. फॉल्ट आला तेव्हा किती किलोमीटर झाले होते तेही कंट्रोल युनिटमध्ये राहतं.

टॉवेलवाला१३:
काल ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला घेऊन पुण्याला गेलो. बॉनेट थंड होतं, गाडी छान चालली, मी तर टोकन काढून हातात धरलं होतं. शेवटी स्कॅनर लावला. ग्लो प्लगचा (थंड डिझेल इंजिन चालू करताना तापवणारा प्लग) एक जुना फॉल्ट निघाला, त्यापुढं १,१४,२०० किमी. मीटरवर ७८,०००. डीलरला दाखवलं तर म्हणाला, तुमचं मशीन चुकीचं दाखवतंय. सौदा मोडला. येताना इंदापूरपर्यंत मी कुणाशी बोललो नाही. तुमचे उपकार आहेत सर.

इथलीच एक ऑक्टाव्हिया कळलीय, एमएच १३, फर्स्ट ओनर, सगळी बिलं आहेत म्हणतोय. रविवारी सकाळी सातला जातोय. आधी चालू करू नका असं सांगून ठेवलंय.

सातरस्ता_सोलापूर:
सनरूफ असेल तर पाण्याची बाटली बरोबर घ्या. मीही येतो.